पानं गळली म्हणजे झाड मेलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या खारघरच्या सोसायटीत फेब्रुवारीत बागेच्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी कुड्याचं झाड उपटून टाकलं, का तर म्हणे वाळलंय. तीन वर्षांपूर्वी मी लावलेलं, आणि वाळलं नव्हतं हो ते, पानं गाळून बसलं होतं, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरलं असतं. तिथे आता लॉन आहे आणि मे महिन्यात प्यायला टँकर मागवतो त्याच टँकरचं पाणी लॉनवर मारतात, हे बघवत नाही म्हणून लिहितोय.

आपल्याकडे साधारण 2500 मिमी पाऊस, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, नंतर आठ महिने कोरडे. त्यामुळे नेटवर बघून 'कमी पाण्याची' म्हणून कॅक्टस नाहीतर लॅव्हेंडर आणलं तर जुलैत मुळंच कुजतात. झोडपणारा पाऊस आणि कडक उन्हाळा दोन्ही सोसणारं झाड पाहिजे आणि ते मागच्या डोंगरावर उभंच आहे. पळस, काटेसावर, बहावा, कुडा. पाणी पानांतूनच उडतं, म्हणून ही झाडं पानं टाकून पाणी वाचवतात, आणि सावर, पळस तर त्याच बोडक्या फांद्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये असे फुलतात की पक्ष्यांची नुसती झुंबड. आपण मात्र नेमकं तेव्हाच कोयता काढतो.

जागा कमी असेल तर धायटी लावा, लाल फुलांवर शिंजीर, म्हणजे मध पिणारे चिमुकले पक्षी, येतात. कुंपणाला करवंद. अडुळसा, निर्गुडी, कोरांटी फांदी खोचली तरी धरतात. भराव टाकलेल्या, खारट जमिनीत करंज आणि उंडी चालतात. तामण राज्यफूल म्हणून सगळे मागतात, मलाही फार आवडतं, पण ते मूळचं ओढ्याकाठचं, मुरमाड टेकाडावर लावलंत तर पाणी घालत बसावं लागेल. परदेशातून आणलेला शोभेचा कोनोकार्पस मात्र नकोच, गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आणि आपल्याकडे अजून कुंपणाला रांगेने दिसतो.

लावायचं ते पाऊस सुरू झाल्यावर लगेच, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मुळं खोल जातात. स्थानिक झाड म्हणून लावलं आणि विसरलं असं होत नाही, पहिले दोन उन्हाळे आठवड्याला बादलीभर पाणी द्यावंच लागतं, आणि बुंध्याभोवती पाल्याचा जाड थर पाहिजे, तो पाला कृपा करून झाडून जाळू नका.

पालिकांना विनंती एवढीच की रोपं वाटताना त्यात कुडा, धायटी, करवंद पण ठेवा, नर्सरीत विचारलं तर नावच ऐकलेलं नसतं. लॉनच्या कडेला दोन फूट जागा कमिटीकडून मी मागून घेतलीय, जूनमध्ये परत कुडाच लावणार, नवी मुंबईत कुठे रोप मिळत असेल तर वाचकांनी तुमच्याच पानावर कळवावं.

आपला,
एक वाचक, खारघर