पिकअप घाटात किती ओढते, ते कागदावर येऊ द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिझेलची पिकअप घ्यावी की सीएनजीची, हा प्रश्न सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदार, भाजीपाल्याचे व्यापारी आणि भाड्याने गाडी चालवणारे तरुण सध्या एकमेकांना विचारत आहेत. शोरूममध्ये मात्र त्यांना ॲव्हरेज आणि महिन्याचा हप्ता या दोनच आकड्यांत उत्तर मिळते. पूर्ण भरलेली गाडी पसरणीच्या घाटात कोणत्या गिअरमध्ये आणि किती वेगाने चढेल, हे विक्रेता सांगत नाही आणि कंपनीच्या माहितीपत्रकातही ते छापलेले नसते. ही माहिती देणे कंपन्यांना बंधनकारक करावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माहितीपत्रकात ‘ग्रेडेबिलिटी’ म्हणून एक टक्केवारी दिलेली असते. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये जास्तीत जास्त किती तीव्र चढावर हलू शकते, एवढेच त्यावरून कळते. आपल्याकडील घाटरस्त्यांचा चढ साधारणपणे पाच ते सात टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे वीस किंवा तीस टक्क्यांची ग्रेडेबिलिटी सांगणारी प्रत्येक गाडी कागदावर उत्तीर्णच होते. खरी कसोटी निराळी आहे. तोच सहा टक्क्यांचा चढ सलग काही किलोमीटर, वैशाखातल्या उन्हात, मागे ट्रकची रांग लागलेली असताना चढायचा असतो. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन ताशी तीस किलोमीटर वेगाने अशा चढावर न्यायचे, तर केवळ उंची गाठण्यासाठीच सुमारे वीस अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचावी लागते; टायरचे घर्षण, गिअरबॉक्समधील घट आणि हवेचा विरोध यांना लागणारी ताकद त्याहून वेगळी. इंजिनने ही ताकद कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) दिली, तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. ती फक्त जास्त फेऱ्यांवर मिळत असेल, तर चालक पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत राहतो आणि वळणावळणावर अर्धा क्लच दाबून क्लच प्लेट जाळतो.

डिझेल आणि गॅस यांच्यातला फरक येथेच दिसतो. डिझेल इंजिनात हवा सोळा ते अठरा पट दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. टर्बोमुळे जादा हवा आत ढकलली जाते, म्हणून कमी फेऱ्यांवरही टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, भरपूर मिळतो. आज बाजारात असलेल्या बहुतेक लहान सीएनजी गाड्यांचे इंजिन मुळात टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आहे. गॅस वायुरूपानेच सिलिंडरमध्ये शिरत असल्याने मिश्रणातील सुमारे साडेनऊ टक्के जागा तोच व्यापतो, तेवढी हवा कमी जाते आणि ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. त्यात उंचीची भर पडते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर; तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, पण टर्बो नसलेल्या इंजिनाला ती सोसावीच लागते. दोन्ही घटी एकत्र धरल्या, तर समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत पेट्रोलवर मिळणाऱ्या ताकदीतील जवळजवळ पाचवा हिस्सा भिलारची स्ट्रॉबेरी भरायला निघालेल्या गॅसच्या गाडीला वर पोहोचेपर्यंत उपलब्धच नसतो. चिपळूणहून जांभा दगड भरून कुंभार्ली घाट चढणाऱ्याने, किंवा टोचन लावून दुसरी बंद गाडी घाटातून ओढू पाहणाऱ्याने, हा हिशेब आधीच केलेला बरा.

म्हणून गॅसची गाडी वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. भरवशाचा प्रश्न आला की पारडे उलटही फिरते. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ ही मर्यादा लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यात साचलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे सहाशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते आणि ती काही वेळ टिकावी लागते. सांगली मार्केट यार्ड, मिरज, कुपवाड एमआयडीसी अशा लहान लहान फेऱ्या मारणारी, दर अर्ध्या तासाने बंद होणारी डिझेल गाडी त्या उष्णतेला पोहोचतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी आपोआप कमी ताकदीवर जाते आणि कंपनीचे स्कॅनर असलेल्या गॅरेजशिवाय तिचे काम होत नाही. गावातल्या मिस्त्रीने पाने-हातोडीने डिझेल गाडी रस्त्याला लावण्याचे दिवस संपले, हे खरेदीदाराला कुणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. अशा सपाट, थांबत-थांबत होणाऱ्या कामाला सीएनजीच योग्य, असे माझे ठाम मत आहे. मात्र तिथेही स्पार्क प्लग आणि कॉइल वेळेवर बदलणे, गॅस कोरडा जळत असल्याने व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटची झीज तपासणे, आणि २०० बार दाबाच्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) न चुकवणे आवश्यक आहे. महामार्ग सोडून जत किंवा आटपाडीकडे वळायचे असेल, तर गॅसचा पंप कोठे आहे हे आधी विचारून घ्यावे लागते, तो भाग वेगळा. याउलट रात्री तासगावहून द्राक्षे भरून सलग वाशीपर्यंत धावणाऱ्या डिझेल गाडीचा फिल्टर वाटेतच स्वच्छ होत जातो.

अमेरिकेत पिकअपने मागे ट्रेलर, नाव किंवा जनावरांची गाडी ओढण्याची पद्धत आहे, आणि तिथेही पेट्रोल की डिझेल हा वाद जुनाच आहे. पूर्वी तिथे प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपल्याच पद्धतीने मोजून जाहीर करत असे. मग एसएई या अभियंत्यांच्या संघटनेचे ‘एसएई जे २८०७’ हे प्रमाण तयार झाले. त्यानुसार ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या उन्हात, एसी सुरू ठेवून, ट्रेलरसह चढावा लागतो आणि मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. शिवाय बारा टक्क्यांच्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघून दाखवावे लागते. हे प्रमाण ऐच्छिक आहे. टोयोटाने ते आधी स्वीकारले आणि पुढे फोर्ड, जनरल मोटर्स व रॅम यांनाही स्वीकारावे लागले. आपल्याकडे पिकअपवर माल पाठीवर असतो, मागे ट्रेलर नसतो. पण चढावर इंजिनाला वजन पाठीवर आहे की मागे, याने फारसा फरक पडत नाही.

तशी चाचणी आपल्याकडेही व्हावी. वाहनांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यातच आहे आणि खंबाटकीचा घाटरस्ता तिच्यापासून फार तर दीड तासावर. पासिंगइतके वजन भरून, उन्हाळ्यात, ठरलेल्या चढावर गाडीचा किमान वेग किती राहिला, कूलंटचे तापमान किती वर गेले आणि थांबून पुन्हा निघताना क्लचने साथ दिली का, एवढे तीन निष्कर्ष प्रत्येक मॉडेलसाठी जाहीर व्हावेत. दोन इंधनांवर चालणाऱ्या गाडीचे आकडे पेट्रोलवर आणि गॅसवर स्वतंत्र द्यावेत, कारण शोरूममध्ये ताकद पेट्रोलची सांगितली जाते आणि ॲव्हरेज गॅसचे. पासिंगपेक्षा जास्त क्रेट भरणाऱ्यांना या आकड्यांचा उपयोग होणार नाही आणि त्यांच्या फुटलेल्या हेड गॅस्केटचा दोष कंपनीवर टाकताही येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ही सूचना विचारात घ्यावी आणि आपल्या दैनिकाने तिचा पाठपुरावा करावा, ही विनंती. तोपर्यंत नवी पिकअप घेणाऱ्यांनी बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडे भरलेल्या गाडीची घाटातील ट्रायल मागावी, आणि गाडी सीएनजीची असेल, तर ती गॅसवर चालवूनच मागावी.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)