‘एलएसडी’ म्हणून प्रत्यक्षात काय विकले जाते?

मा. संपादक,

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. टपाल तिकिटाहूनही लहान असलेला नशेचा कागद मात्र पर्यटकाच्या पाकिटातून तारकर्ली-देवबागपर्यंत सहज येऊ शकतो आणि तो कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून हे पत्र.

असा कागद एलएसडी (भ्रम निर्माण करणारे एक अमली द्रव्य) म्हणून विकला जातो. परंतु देशोदेशी नोंदवल्या गेलेल्या अनेक विषबाधांमध्ये त्यावर प्रत्यक्षात ‘एनबीओएमई’ गटातील कृत्रिम रसायन आढळले आहे. मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या अभ्यासासाठी २००३ च्या सुमारास बर्लिनमध्ये तयार झालेली ही द्रव्ये माणसाने सेवन करण्यासाठी कधीच नव्हती. त्यांतील तीन द्रव्ये २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कडक नियंत्रण-यादीत गेली. एक मिलिग्रॅमहूनही कमी मात्रेत ती परिणाम करतात, त्यामुळे कोणत्या तुकड्यावर किती द्रव्य उतरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

एलएसडीने शरीराला सहसा मोठी इजा होत नाही, हा तरुणांमधला समज इथे घातक ठरतो. (भ्रमाच्या भरात रात्री समुद्रात उतरणाऱ्याला तोही समज वाचवत नाही, हे वेगळे.) या नव्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब व नाडी वाढते, अंग तापाने फणफणते, आकडी येते, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मृत्यूही झालेले आहेत.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो पोलिसांच्या धास्तीने. सोबतचे मित्र ‘जास्त झाली’ एवढेच सांगतात, रुग्णाला खोलीत कोंडतात किंवा चौघे मिळून दाबून धरतात. त्या झटापटीत शरीराचे तापमान आणखी वाढते आणि स्नायूंची हानीही. रुग्णालयात पोहोचल्यावर लघवीची नेहमीची तपासणी ही द्रव्ये दाखवत नाही. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात आणि क्वचित आम्ही डॉक्टरही. या विषावर उतारा नाही. बेंझोडायझेपिन गटातील औषधांनी रुग्णाला शांत करणे, अंग थंड करणे आणि शिरेतून पुरेसे द्रव देणे हाच उपचार आहे आणि तो ग्रामीण रुग्णालयातही सुरू करता येतो. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात हलवेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आरोग्य विभागाने किनाऱ्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्रांना याविषयी लेखी सूचना द्याव्यात आणि पर्यटन हंगामापूर्वी औषधसाठा तपासावा. होमस्टे चालवणाऱ्यांनी बदनामीच्या भीतीने प्रकरण दडपण्याऐवजी तातडीने १०८ ला फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मित्रांनी काय घेतले, किती वाजता घेतले आणि सोबत दारू किंवा नैराश्यावरील गोळ्या होत्या का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि त्याच कागदाचा तुकडा आणखी कोणी घेतला असल्यास त्यालाही तपासणीसाठी सोबत आणावे.

— एक डॉक्टर, मालवण