तुझी कविता न विचारता वाचली

सोलापूर,
मे महिन्यातला रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय श्रीनू,

आधी कबुली देतो, मग बाकीचं. काल तुझी कविता मी तुला न विचारता वाचली. मनातल्या मनात नव्हे, माइकवरून, शे-सव्वाशे माणसांसमोर. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीतली, अम्माच्या सुपावरची. पुण्याला जाताना ती वही 'रद्दीत घाल' म्हणून माझ्याकडे टाकून गेला होतास. मी घातली नाही. रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

गेले तीन शनिवार गावात उघड्यावर वाचनं चालू आहेत. चार वाचनप्रेमी मंडळी, दोन प्राध्यापक, एक झेरॉक्सवाला आणि कॉलेजची काही पोरं-पोरी, एवढ्यांनी मिळून ठरवलं की उन्हाळा आहे म्हणून कार्यक्रम थांबवायचे नाहीत, उन्हाळा आहे म्हणूनच करायचे. पारा ४३ वर आहे. दुपारी नव्या पेठेत सामसूम असते. पण साडेसातनंतर आपल्याकडे तो कोरडा वारा सुटतो ना, तो सुटला की माणसं घरात थांबत नाहीत. पंखा गरम हवाच फिरवत असतो. बाहेर पडलेली ही माणसं कुठंतरी बसणारच, मग कविता ऐकत का बसू नयेत?

पहिली संध्याकाळ हि. ने. (हिराचंद नेमचंद) वाचनालयाच्या ॲम्फी थिएटरमध्ये झाली. पायऱ्या इतक्या तापलेल्या होत्या की आठ वाजेपर्यंत टेकवत नव्हतं. तेव्हा शेजारच्या एका बाईंनी घरातून दोन कळशा पाणी आणून पायऱ्यांवर शिंपडलं. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं मे महिन्यात दोन कळशा पाणी कवितेसाठी ओतायचं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. त्या शिंपडलेल्या दगडाचा वास आला आणि पहिल्या कवीनं कागद उघडला. मला तर तिथंच भरून आलं.

त्या दिवशी एका कन्नडच्या निवृत्त मास्तरांनी सिद्धरामेश्वरांची वचनं वाचली. आपण लहानपणापासून सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला जातो, नंदीध्वजांमागून चालतो, तळ्याच्या काठावर बसून चिरमुरे खातो. पण आपलं ग्रामदैवत हे बाराव्या शतकातलं कवी आहे, बसवेश्वरांचं समकालीन, हे आपण कधी मनावर घेतलं होतं का? प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही त्यांची मुद्रा येते. तिसऱ्या-चौथ्या वचनापासून मागच्या पायरीवरच्या आज्ज्या ते नाव मास्तरांच्या बरोबरीनं म्हणायला लागल्या. पुस्तक समोर नाही, कुणी 'म्हणा' सांगितलेलं नाही. मास्तर मग प्रत्येक वेळी त्या नावाआधी क्षणभर थांबायला लागले, त्यांच्यासाठी.

दुसऱ्या शनिवारचं थोडक्यात सांगतो. एकदोघांनी फार लांबवलं. दहा मिनिटं ठरलेली असताना पंचवीस मिनिटं वाचणं मला पटत नाही. मागे नंबर लावून बसलेली पोरं शेवटची रिक्षा चुकेल म्हणून निघून जातात. पण त्याच रात्री एका पोरानं १९३० च्या मे महिन्यावर लिहिलेलं वाचलं आणि सगळी संध्याकाळ वसूल झाली. १२ मेला मार्शल लॉ लागला, पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली, एवढं तर आपल्याकडच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्यानं लिहिलं होतं ते त्या दिवसांतल्या उन्हाविषयी. संचारबंदीत दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरांत माणसांनी त्या मे महिन्यातल्या दुपारी कशा काढल्या असतील, बाळांना वारा कसा घातला असेल. हेच ऊन, हीच गल्ली. ऐकताना सगळ्यांच्या पाठीवरून घाम ओघळत होता, त्यामुळे कल्पना करावी लागली नाही. थंडगार सभागृहात तेच वाचन मला इतकं लागलं नसतं.

उर्दूवालेही आले होते. त्यांचं ऐकणं आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे मी आता कबूल करतो. आपण ओळ आवडली तरी गप्प बसतो आणि शेवटी टाळ्या वाजवतो. ते ओळीतल्या ओळीत दाद देतात, 'मुकर्रर' म्हणून पुन्हा वाचायला लावतात. तिसऱ्या शनिवारपर्यंत आपली मराठी मंडळीही 'पुन्हा एकदा' म्हणायला लागली.

आता काल.

काल पूर्व भागात होतं, एका पटांगणात, लिंबाच्या झाडाखाली. आजूबाजूला यंत्रमागांची खडखड चालूच होती. कुणीतरी म्हणालं, माग बंद करायला सांगू या का? झेरॉक्सवाला म्हणाला, नको, त्यांची पाळी आहे, आपण मोठ्यानं वाचू. ते ऐकलं आणि मी उठून नाव दिलं. तुझं.

तुला आठवतं, २००६ साली साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं होतं आणि अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली? आपल्याच गावात जन्मलेला, घरात तेलुगू बोलणारा आणि आयुष्यभर मराठीत जंगल लिहिणारा माणूस. मंडपातून परत येताना तू रस्ताभर एकच बोलत होतास: 'घरात तेलुगू असली तरी चालतं बे, चालतं.' त्या रात्री तू अम्माची कविता लिहिलीस. आणि पुढच्याच वर्षी एका स्पर्धेत परीक्षक तुला म्हणाले की विड्या हा काही कवितेचा विषय नव्हे. तू वही मिटलीस. मी तेव्हा त्या परीक्षकांशी भांडायला हवं होतं, भांडलो नाही. ते इतकी वर्षं मनात राहिलंय.

काल ज्या पटांगणात मी ती कविता वाचली, तिथं समोर बसलेल्या निम्म्या बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्यात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, हातात कात्री. 'हजार विड्यांचा दिवस' ही तुझी ओळ आली तेव्हा समोरून कुणीतरी हुं केलं. पुढच्या कडव्याला आणखी दोघी-तिघींनी. मग मला कागदाकडे बघवेना.

संपल्यावर एक म्हातारी माझ्यापाशी आली. म्हणाली, "ही तुम्ही नाही लिहिली."

म्हटलं, "कसं ओळखलंत?"

"कात्री कुठं थांबते तुम्हाला माहीत नाही. वाचताना कळलालंय."

मी सांगितलं, मित्रानं लिहिलीय, त्याची आई विड्या वळायची, कुंभारीच्या घरकुलात असते. ती मान हलवत म्हणाली, "मग त्याला सांगा, सगळं बरोबर हाय, पण पानाचा वास नाही त्यात. रात्री पान भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं की घरभर तोच वास. भाताला पण तोच, पोरांच्या केसांना पण तोच. ते घालायला सांगा त्याला."

श्रीनू, मी गेली वीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं वाचतोय. इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही. तुझ्या कवितेत डोळ्यांना दिसणारं सगळं आहे, हातांचं सगळं आहे, वास खरंच नाही. मी ती कविता शंभर वेळा वाचली असेल, मला ते सापडलं नव्हतं. तुझ्या घरी जेवलोय मी, तो वास मलाही ठाऊक आहे, तरी नाही.

तिच्या नातीनं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. ती रात्रपाळीहून आलेल्या आईला ऐकवणार म्हणाली.

तू म्हणशील, पुण्यात काय कमी कार्यक्रम आहेत. मला माहीत आहे. रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला तुझ्याच शहरातली, उन्हाळ्यात संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून ऐकायचं हे काही आपण शोधून काढलेलं नाही. जात जा तिकडे, जरूर जात जा. पण तिथं तुला पानाच्या वासाबद्दल सांगणारी ती म्हातारी भेटणार नाही.

पुढचा शनिवार या वर्षीचा शेवटचा. पुन्हा त्याच लिंबाखाली. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते, तिनं निघालास तर इथं सगळं आवरलेलं असेल. सकाळची इंद्रायणी धर, दुपारी पोचशील. उन्हातून चालत येऊ नकोस, मी स्टेशनवर गाडी घेऊन येतो. घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे, संध्याकाळपर्यंत झोप काढ. रात्री गच्चीवर अंथरूण घालू, पहाटे चारनंतर गार होतं.

वळवाचा अंदाज आहे म्हणे. आला तर शेजारच्या मागाच्या शेडमध्ये बसून वाचू, मालकांना विचारून ठेवलंय.

अम्माला कालचं काही सांगितलेलं नाही. तुझ्या भावाकडून फोनवर तब्येत विचारली तेवढीच. शनिवारी मी तिला कुंभारीहून घेऊन येणार आहे. कशासाठी ते तिला सांगणार नाही. नजर कमी झालीय, पण कान चांगले आहेत.

वासाचं कडवं तेवढं लिहून आण. वही मी पोस्टानं पाठवत नाही, न्यायला ये.

तुझाच,
बाळीवेशीतला सोबती