प्लेटलेट नॉर्मल आल्या म्हणून थांबू नका

संपादक महोदय, स. न. वि. वि.

डेंग्यूमुळं सोलापुरात आता पोरासोरांनाही प्लेटलेट म्हणजे काय ते माहितेय, पण रक्त न थांबायला दुसरी कारणं पण असतात हे आम्हाला अप्पांची दाढ काढल्यावर कळलं, म्हणून लिहितोय.

गड्डा यात्रा झाल्यावर अप्पांची दाढ काढली, वय 68. रात्रभर रक्त थांबेना, कापसाचे बोळे बदलून बदलून थकलो, पहाटेपर्यंत पांढरा टर्किश टॉवेल निम्मा लाल. त्याआधी दोन-तीन महिने हातावर काळेनिळे डाग उठत होते, आम्ही म्हणायचो कुठंतरी धडकले असतील. रिपोर्टात प्लेटलेट 2 लाख 40 हजार, मग सगळे म्हणाले नॉर्मल आहे, तरी पाहुण्यांनी पपईच्या पानांचा रस पाजलाच.

शेवटी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेलं. तिथल्या रक्ताच्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, तरुणपणी कधी असं झालं होतं का? अप्पांनी बोट पुढं केलं, तिशीत पॉवरलूममध्ये सापडलेलं, सहा टाके पडले पण रक्त लगेच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, मग हे जन्मापासूनचं नाही, नंतर आलंय.

निळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त घेतलं, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वाढलेला, वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं रक्तातलं प्रोटीन एकदम कमी. प्लेटलेटला जखमेवर चिकटवायचं काम या फॅक्टरचं, त्यामुळं प्लेटलेट कितीही असू देत, त्या तिथं टिकतच नाहीत. आणि फॅक्टर कमी का, तर बोन मॅरोमधल्या (हाडांतल्या मगजातल्या) प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचा, एक गट एकाच प्रकारचं प्रोटीन बनवत सुटलेला, ते फॅक्टरला चिकटतं आणि शरीर दोन्ही बाहेर काढून टाकतं. इलेक्ट्रोफोरेसिसच्या (रक्तातली प्रोटीनं वेगळी करून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टात ते प्रोटीन एम बँड म्हणून दिसलं. मायलोमा, म्हणजे या पेशींचा कॅन्सर, नाही निघाला, एमजीयूएस निघालं, म्हणजे कॅन्सर नाही पण वर्षाला साधारण 1 टक्का लोकांमध्ये पुढं कॅन्सरसारख्या आजारात जातं, म्हणून नियमित तपासणी. याच पेशींमुळं काहींना अमायलॉइड होतो, म्हणजे त्यांचं प्रोटीन अवयवांत साचत जातं, त्यात फॅक्टर 10 हे रक्त गोठवणारं प्रोटीन अमायलॉइडला चिकटून रक्तातून कमी होतो आणि डोळ्यांभोवती जांभळे डाग उठतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तसे डाग कुणाला दिसले तर मार लागला असेल म्हणून सोडू नका.

दुसरी दाढ काढायच्या आधी दोन दिवस इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी) सलाईनमधून दिलं, महाग आहे, पण त्यानं फॅक्टर काही आठवडे वर राहतो. यावेळी दोन बोळ्यांत रक्त थांबलं, आई तरी रात्रभर उशाशी बसून होती.

शहरातल्या डेंटिस्ट आणि फॅमिली डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे, पन्नाशी-साठीनंतर कुणाला नव्यानं असा रक्तस्राव सुरू झाला तर प्लेटलेटसोबत पीटी-एपीटीटी या गोठण्याच्या तपासण्या बघा, आणि एपीटीटी नॉर्मल आला तरी रक्तस्राव चालूच असेल तर वॉन विलेब्रँड आणि एम बँडची तपासणी लिहून द्या. आमचं निदान व्हायला चार महिने गेले, त्यातले निम्मे पपईच्या रसात.

आपला,
एक वाचक, सोलापूर