समन्यायी पाणीवाटप धरणाच्या दारातच थांबते

महोदय,

पाऊस कमी झाला की गोदावरीवरील जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, यावरून नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, २०१४ मध्ये प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यासाठी तसा आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मराठवाड्याचा हा हक्क निर्विवाद आहे. मात्र भांडून मिळवलेले पाणी पुढे कोणाच्या शेतात जाते, हा प्रश्न आमचेच लोकप्रतिनिधी विचारत नाहीत, याची खंत वाटते.

जायकवाडीचा डावा कालवा दोनशे किलोमीटरहून अधिक लांब असून तो परभणीपर्यंत येतो. आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचे पाणी, सुटले की वरच्या भागात कालव्यात उपशाच्या मोटारी पडतात, चाऱ्यांची, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटांची, दारे मोडली जातात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीत, जिथे गवत आणि वेड्या बाभळी माजल्या आहेत, पाणी पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. आधी टेलला आणि मग वर पाणी द्यायचे, हे धोरण कागदावर आहे. पण ज्याच्या मागे कारखाना आणि पुढारी, त्याचा ऊस आधी भिजतो. यात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही, कारण हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक त्याला दुसऱ्या कोणत्याच पिकात मिळत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधीच्या हंगामात मराठवाड्यातील कारखाने उसाचे गाळप करीतच होते.

ज्यांना जमीनच नाही, त्यांचा तर या वाटपात उल्लेखही नसतो; उन्हाळ्यात मजुरीतले पैसे मोडून टँकरचे पाणी विकत घेणारी हीच कुटुंबे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात पाणी वाटले, भूमिहीनांचा हक्क मानला आणि उसाला त्या पाण्यातून वगळले. एवढ्या मोठ्या प्रकल्पात ते जसेच्या तसे जमणार नाही, हे मान्य. तरी निदान प्रत्येक आवर्तनात कोणत्या चारीला किती पाणी ठरले आणि प्रत्यक्षात किती पोचले, याचे मोजलेले आकडे जलसंपदा विभागाने ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावेत आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत टेलच्या पाणीवापर संस्थांना प्रथम बोलू द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, परभणी