आत कोण न्हाई की ओ, टीचर!

कोल्हापूर
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय आई-बाबा,

पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि आई मधेच "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषयच संपवते, म्हणून म्हटलं या वेळी कागदावरच लिहू. मोठ्या अक्षरात लिहितेय, चष्मा लावून निवांत वाचा, आणि आई तू आधी शेवटचं पान वाचू नकोस.

ईस्टरला आले नाही म्हणून तू रागावलीयस हे मला कळलंय. नुसतं "हूं" म्हणत होतीस फोनवर. पण खरंच इलाज नव्हता गं. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत आमची परीक्षा उरकते आणि मग पेपर, निकाल, सगळं आरामात होतं. या वर्षी वरून वेळापत्रक आलं, पहिली ते नववी सगळ्यांची परीक्षा ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मेला झेंडावंदन झालं की द्यायचा. म्हणजे ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार परीक्षेत, गुड फ्रायडे परीक्षेत, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी परत पेपर. वसईला येऊन जायचं म्हणजे दोन रात्री गाडीत आणि एक दिवस घरात, तोही पेपरांचे गठ्ठे घेऊन. आत्ता हे लिहितानाही पलंगावर दुसरी 'ब'चे ४८ पेपर पसरलेत. आपल्याला दूध देणाऱ्या एका प्राण्याचं नाव लिहा, असा प्रश्न होता, तर एकाने लिहिलंय "गोकुळ". कोल्हापूरचं पोर, त्याचं तरी काय चुकलं? अर्धा मार्क द्यावासा वाटतोय.

बाबा, आता तुमच्यासाठी. लहानपणी तुम्ही मला अंगणात उभं करून चंद्र दाखवायचात ना, की २१ मार्चनंतरची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. या वर्षी तेच मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि फसले. कारण चैत्र पौर्णिमा म्हणजे इथे जोतिबाची यात्रा, ती १२ तारखेला शनिवारी झाली, मग आमच्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या की अहो मग लगेच दुसऱ्या दिवशी, १३ लाच का नाही तुमचा ईस्टर? मी गप्पच. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर पौर्णिमा १३ च्या पहाटेपर्यंत आहे, म्हणजे पूर्ण चंद्र रविवारीच आला, आणि पौर्णिमा रविवारी आली की ईस्टर पुढच्या रविवारी ढकलायचा. म्हणून २०. एवढं तुम्ही मला सांगितलं नव्हतंत हां. आणि यंदा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा ईस्टरही २० लाच आला, एरवी त्यांचा बहुतेक वेळा वेगळ्या रविवारी असतो.

तर जोतिबाच्या दुसऱ्याच दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार. जोतिबाच्या डोंगरावरून, म्हणजे वाडी रत्नागिरीवरून, गाड्या परत येत होत्या, टपावर सासनकाठ्या, म्हणजे यात्रेतल्या देवाच्या उंच काठ्या, बांधलेल्या, रस्ता गुलालाने गुलाबी, आणि त्याच रस्त्यावरून आम्ही पन्नास-साठ माणसं हातात नारळाच्या झावळ्या घेऊन "होसान्ना" म्हणत चाललेलो. माझ्या पांढऱ्या सँडलचा तळ अजून गुलाबी आहे. एक टेम्पो आमच्यासाठी थांबला, आतली माणसं डोक्यापासून पायापर्यंत लाल, त्यातल्या एका म्हाताऱ्याने आमच्या झावळ्या बघितल्या, काय समजला देव जाणे, पण हात वर करून म्हणाला "चांगभलं!" फादरनी पण हात वर केला. मला तर बरंच वाटलं.

सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी पोरं पेपरला आली तर निम्म्यांच्या कानामागे गुलाल तसाच. आणि चॅपलमध्ये सिस्टरनी दुःखसहनाच्या आठवड्यासाठी पुतळ्यांवर जांभळं कापड घातलेलं, ते बघून एक पोरगी हळूच मला विचारते, "टीचर, मेरीमाता आजारी हाय का?" माझ्या ४८ मध्ये कॅथलिक तीन, बाकी सगळी मराठा, जैन, मुसलमान, सगळी मिसळ. पण शाळा सुटताना त्या जांभळ्या कापडाला हात जोडल्याशिवाय एकही पुढे जात नाही. आपल्याकडची पोरं एवढी जोडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला बसले.

१७ तारखेला, पवित्र गुरुवारी, पेपर झाल्यावर अर्धा तास सगळ्या शाळेपुढे ईस्टरचं छोटं नाटक करायचं ठरलं. शुक्रवारी सुट्टी असते म्हणून आधीच करून घेतो आम्ही. जबाबदारी अर्थातच माझी, कारण वसईवाली म्हटलं की सगळ्यांना वाटतं हिच्या रक्तातच आहे. रोल वाटायला बसले तर सगळ्यांना शिपाई व्हायचं, कारण शिपायाला भाला. येशू व्हायला कोणी तयार नाही, "त्याला मराय लागतंय टीचर". शेवटी एका शांत पोराला पांढरी चादर गुंडाळून तयार केलं. आणि वर्गातला सगळ्यात उपद्व्यापी पोरगा, जो एका जागी दोन मिनिटं बसत नाही, त्याला मी दगड केलं. म्हणजे कबरीच्या तोंडावरचा दगड. गोणपाट अंगावर घ्यायचं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि हलायचं नाही. माझा हेतू सरळ होता, अर्धा तास तरी शांतता मिळावी.

कबर म्हणजे दोन बाक आणि त्यांच्यावर काळा पडदा. स्क्रिप्ट मी लिहिलं होतं. बायका येणार, "दगड कोण बाजूला करील?" म्हणणार, मग घंटा वाजली की दगड गडगडत बाजूला जाणार आणि आतून येशू हात पसरून उभा राहणार, मग सगळ्यांनी गाणं म्हणायचं. प्रॅक्टिसला तीन वेळा व्यवस्थित झालं.

प्रत्यक्षात घंटा वाजली. दगड गडगडला, जरा जास्तच गडगडला, पार पहिलीच्या रांगेत जाऊन आदळला. आणि आतून कोणीच आलं नाही. मी खुणा करतेय, सिस्टर माझ्याकडे बघतायत, पेटी वाजवणाऱ्या टीचरनी गाण्याची पहिली ओळ दोनदा वाजवली. मग आमचा दगड उठला, गोणपाट तसंच अंगावर, रांगत रांगत गेला, पडदा वर करून मुंडी आत घातली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "आयला! आत कोण न्हाई की ओ, टीचर!"

मागच्या बाजूने पडदा उचलून येशू लघवीला गेलेला.

पोरं हसायला लागली. मी मेल्याहून मेल्यासारखी. आणि तेवढ्यात कबरीपाशी आलेल्या बायकांतली जी पोरगी मग्दालिया मरिया झालेली, तिला कोणी काही सांगितलेलं नसताना, ती डोक्यावरची ओढणी सावरत खरोखर पळत सुटली, व्हरांड्यातून खाली, थेट बागेत, आणि आमचे माळीमामा पाईप धरून उभे होते त्यांना विचारते, "मामा, आमचा येशू बघितला का हो?" बाबा, शपथ घेऊन सांगते, मी हे बनवून लिहीत नाहीये. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात मरियाला येशू माळीच वाटतो, ते त्या पोरीला कुठलं माहीत असणार. पाच मिनिटांनी ती येशूला हाताला धरून ओढत घेऊन आली, हात ओले, चादर चिखलात, आणि सगळी शाळा टाळ्या वाजवतेय, मघाशी हसत होती तीच.

नंतर मी सिस्टरकडे माफी मागायला गेले. त्या डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "तू लिहिलेलं चुकीचं होतं गं. चारपैकी एका तरी शुभवर्तमानात येशू कबरीतून उठताना कोणी बघितलाय का? दगड सरकला तेव्हा आत कोणी नव्हतंच. पोरांनी बरोबर केलं." आणि मला अर्धी भाकरी दिली.

मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं कॅटेकिझम, आपलं धर्मशिक्षण, शिकले, शिकवलं, पण माझ्या डोक्यात चित्र तेच, हात पसरून उभा असलेला, आपल्या देवळातल्या मोठ्या फोटोतला. (इथे "देवळात जाते" म्हटलं की अंबाबाईला चालले असं समजतात, त्यामुळे आता मी पण चर्च म्हणायला शिकलेय.) आणि खरं सांगू का, तुम्हाला वाईट वाटेल, पण गेली तीन-चार वर्षं ईस्टर म्हणजे मला नवे कपडे, मटण आणि तुम्हाला फोन एवढंच झालं होतं. गोष्ट पाठ झालेली, शेवट माहीत, त्यात काय बघायचं. त्या दगडाला शेवट माहीत नव्हता. तो आत बघून जो दचकला ना, तसं मी कधी दचकलेच नव्हते.

शनिवारी रात्री विधीला गेलो सगळे. बाहेर विस्तव पेटवला, फादरनी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, चार कोपऱ्यांत २, ०, २, ५, आणि मग सगळा अंधार करून एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची लावत लावत आत गेलो. धाकटीने माझ्या ओढणीवर मेण सांडलं. ग्लोरियाच्या स्तुतिगीताला घंटा सुरू झाल्या, गुरुवारपासून मुक्या होत्या त्या. शुभवर्तमान वाचताना "दगड लोटलेला" हा शब्द आला आणि मला इतकं हसू यायला लागलं की तुमचा जावई कोपराने ढोसत होता. हसता हसता रडू पण आलं, कशाचं ते माहीत नाही. तुम्हा दोघांची आठवण येत होती हे मात्र नक्की.

पोप फ्रान्सिसचं तुम्हाला कळलंच आहे. आम्हाला सोमवारी दुपारी स्टाफरूममध्ये कळलं, आदल्या दिवशी बाल्कनीतून ईस्टरचा आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी गेले. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "८८ म्हणजे माझ्यापेक्षा ११ वर्षांनी मोठे, ईस्टर करून गेले, चांगलं झालं." मला ते "चांगलं झालं" आवडलं नाही हां. काल दुपारी अंत्यविधी टीव्हीवर बघताना सारखं तेच आठवत होतं.

आणि आईने मला दुसरी गोष्ट सांगितलीय, तुम्ही लपवलीत तरी. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे धुतले तसे फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत या वर्षी तुम्ही बसला नाहीत. गुडघ्याला पट्टा आहे, मोजा काढायला वेळ लागतो, लोक खोळंबतात, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलात. मी लहान असल्यापासून तुम्ही त्या बारात आहात. आदल्या रात्री आई तुमच्या टाचा दगडाने घासून द्यायची आणि तुम्ही ओरडायचात. खोळंबू देत की लोकांना दोन मिनिटं! पेत्र पण येशूला आधी नकोच म्हणाला होता, माझे पाय धुऊ नका म्हणून, शेवटी बसलाच ना? पुढच्या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे पाय धुवायचा गुरुवार २ तारखेला, मी बघून ठेवलंय. वेळापत्रक वरून येवो नाहीतर खालून, मी रजा टाकणार आणि तुमचा मोजा मी काढणार.

बाकी, १ मेला झेंडावंदन आणि निकाल झाला की २ तारखेच्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही निघतोय, तिकीट कन्फर्म आहे. शाळा १६ जूनला उघडणार. येताना तुम्हाला दोघांना घेऊनच येणार आहे, बाबांना लोअर बर्थ मिळेल असं बघते, नाही म्हणायचं नाही. इथे गुडघ्याचे एक डॉक्टर चांगले आहेत असं सगळे सांगतात. आईसाठी कांदा-लसूण चटणी आणि गूळ घेतलाय, तिने सुके बोंबील बांधून ठेवावेत, इथे मिळतात ते काही खरे नाहीत.

दगडाचा पेपर आत्ताच हाताला लागला. गणितात पन्नासपैकी एकोणीस. बघते कुठे एखादा मार्क वाढतोय का.

तुमची,
बाय