आधी कावीळ तपासा, मग जनुक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत यकृताच्या कर्करोगाचे ‘जनुक सापडले’ अशा मथळ्याची बातमी आली होती. मजकूर बराच सांभाळून लिहिला होता, घात केला तो मथळ्याने. मी प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असल्याने ‘ती टेस्ट कुठे होते?’ ही विचारणा माझ्याकडे येऊ लागली. म्हणून हे पत्र.

बातमीतले ‘जनुक’ मायक्रोआरएनएचे होते. जनुकांतली माहिती रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि आरएनए म्हणजे त्या मजकुराची पेशीने काढलेली नक्कल. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस-एक अक्षरांचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो दुसऱ्या जनुकांच्या संदेशाला चिकटतो आणि त्यांचे प्रथिन बनणे रोखतो. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. यकृतातला मिर-१२२ हा मायक्रोआरएनए तर असा की हिपॅटायटिस सीचा विषाणू स्वतःच्या वाढीसाठी त्याचाच आधार घेतो. संशोधन व्हायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता मिर-१४६ए हा दुसरा मायक्रोआरएनए घ्या. या जनुकात एका जागी काहींना ‘जी’ हे अक्षर मिळते, काहींना ‘सी’. २००८ मध्ये चिनी संशोधकांनी यकृताच्या कर्करोगाचे ४७९ रुग्ण आणि हा आजार नसलेले ५०४ जण तपासले. आई आणि वडील दोघांकडूनही ‘जी’ आलेल्या पुरुषांना धोका ‘सी-सी’ असलेल्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. पुढे याच अक्षरावर, तसेच मिर-१९६ए२ आणि मिर-४९९ मधल्या बदलांवर इतरांनी काम केले. काहींना संबंध दिसला, काहींना दिसला नाही. शिवाय, ‘जी’ युरोपीय लोकांत जास्त आढळते, चीन-जपानकडे ‘सी’ जास्त. मग यकृताच्या कर्करोगाचे जगातले सर्वाधिक रुग्ण चीनमध्ये कसे? देशादेशांची अशी तुलना म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच वर्गात बजावत असे. पण त्या अक्षराहून कितीतरी मोठे काही तिथे घडते आहे, एवढे तरी कळते.

ते मोठे म्हणजे यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू, आणि त्याच्या जोडीला बुरशी लागलेल्या मका-शेंगदाण्यातले अफ्लाटॉक्सिन. (हे विष आपल्याला परके नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी खेड्यांत असा मका खाऊन यकृत निकामी झाल्याने शंभरावर माणसे दगावली.) तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ मध्ये लाखामागे ०.७० होते, ते १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आले. एवढ्या काळात तिथल्या मुलांची जनुके काही बदलली नव्हती.

आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोहोचायला २०११ उजाडले. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोकांना हिपॅटायटिस बीचा जुनाट संसर्ग होता. लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात, तीच ही. पुष्कळांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही आणि विषाणू वर्षानुवर्षे यकृतात राहतो. जन्माच्या वेळी लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. म्हणूनच पहिला डोस चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो.

हिपॅटायटिस बी ओळखणारी एचबीएसएजी ही रक्ततपासणी साधी आणि स्वस्त आहे. हिपॅटायटिस सी सापडला तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर ही औषधे मोफत आहेत. उलट एका खासगी लॅबच्या ‘कॅन्सर जीन पॅकेज’चे पत्रक मी पाहिले. त्यात यकृत होते, पण एचबीएसएजी नव्हती! शिवाय तो जनुकाचा अहवाल हाती पडल्यावर डॉक्टरांनी करायचे काय? अक्षर बदलता येत नाही, आणि केवळ त्यावरून उपचारही ठरत नाहीत.

माझी विनंती एवढीच, की जनुकाची अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या : जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिस बी-सीची तपासणी होते, कोणत्या वारी, आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यायची.

आपली,
एक वाचक, सातारा